कॅन्सर बरा झाला, पण मुलाबाळांचं काय? उपचाराआधीच विचारायचा प्रश्न

मागच्या वर्षी आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी भेटायला आली. वय सत्तावीस. लग्नाला दोनच वर्षं झाली होती तेव्हा स्तनाचा कॅन्सर निघाला. केमो झाली, ऑपरेशन झालं, अल्हमदुलिल्लाह आज ती बरी आहे. पण बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "टीचर, केस जातील, उलट्या होतील, सगळं सांगितलं होतं. मूल होईल की नाही, हे ना कुणी सांगितलं, ना आम्ही लाजेने विचारलं. आता सासरी रोज तोच विषय निघतो."

तिच्यासारख्या मुली आपल्या समाजात एक-दोन नाहीत. म्हणून हा विषय आम्ही इथे उघडपणे मांडत आहोत. यात लाजण्यासारखं काही नाही.

उपचाराने नेमकं काय होतं?

मुलगी जन्माला येते तेव्हाच तिच्या अंडाशयात बीजांचा साठा ठरलेला असतो. तो नव्याने तयार होत नाही. केमोथेरपीची काही औषधं, उदाहरणार्थ सायक्लोफॉस्फामाइड, कॅन्सरच्या पेशींबरोबर ही बीजंही नष्ट करतात. ओटीपोटावर रेडिएशन दिलं तर अंडाशय आणि गर्भाशय दोन्हींवर परिणाम होतो. पुरुषांमध्ये शुक्राणूंची संख्या घटते किंवा शून्यावर येते. कधी काही वर्षांत ती पुन्हा वाढते, कधी वाढत नाही.

परिणाम किती होणार हे वय, औषध आणि त्याची मात्रा यांवर अवलंबून असतं. पंचविशीतल्या बाईची पाळी केमोनंतर पुन्हा सुरू होण्याची शक्यता चाळिशीतल्या बाईपेक्षा जास्त असते. पण पाळी आली म्हणजे सगळं पूर्ववत झालं असंही नाही. साठा कमी झालेला असू शकतो, पाळी लवकर बंद होऊ शकते.

उपचार सुरू होण्याआधी काय करता येतं?

पुरुषांसाठी मार्ग सोपा आहे. केमोच्या आधी वीर्याचा नमुना देऊन तो गोठवून ठेवता येतो. एक-दोन दिवसांचं काम. वयात आलेल्या मुलालाही हे शक्य असतं.

बाईसाठी साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. रोज इंजेक्शनं घेऊन बीजं वाढवतात, मग ती काढून गोठवतात, किंवा पतीच्या शुक्राणूंशी मिलन घडवून गर्भ गोठवतात. पाळीची वाट बघावी लागत नाही, महिन्यातल्या कोणत्याही दिवशी सुरुवात होऊ शकते. मात्र काही ब्लड कॅन्सरमध्ये एवढे दिवस थांबणं धोक्याचं असतं. तिथे जीव आधी.

वयात न आलेल्या मुलींसाठी अंडाशयाचा तुकडा काढून गोठवण्याची पद्धत काही मोजक्या ठिकाणी आहे. केमो चालू असताना अंडाशय शांत ठेवणारी इंजेक्शनंही देतात. त्याने काही प्रमाणात बचाव होतो, पण गोठवण्याला तो पर्याय नाही.

म्हणून कॅन्सरचं निदान झालं की पहिल्याच भेटीत विचारा, "या उपचाराने मूल होण्यावर परिणाम होईल का? आधी काही करता येईल का? खर्च किती?" सरकारी योजनेत कॅन्सरचा उपचार बसला तरी गोठवण्याचा खर्च त्यात बसतो असं धरून चालू नका, तो वेगळा विचारा.

शरियत काय म्हणते?

इलाज करणं तकदीरविरुद्ध नाही, हे आपले उलमा नेहमी सांगतात. १९८० मध्ये अल-अझहरने आणि १९८६ मध्ये अम्मान येथे इस्लामी फिक्ह अकादमीने टेस्ट ट्यूब पद्धतीबद्दल निर्णय दिले. त्यांचा गाभा असा: बीज पत्नीचं, शुक्राणू पतीचा, गर्भ त्याच पत्नीच्या उदरात आणि निकाह कायम असेल, तर परवानगी आहे. तिसऱ्याचं बीज, तिसऱ्याचा शुक्राणू किंवा भाड्याचं गर्भाशय नाही, कारण नसबचा घोळ होतो. तलाक झाला किंवा पती वारला तर गोठवलेला गर्भ वापरता येत नाही. शिया उलमांपैकी काहींनी दात्याच्या बाबतीत वेगळं मत दिलं आहे. अविवाहित मुला-मुलींनी स्वतःचं बीज पुढच्या निकाहसाठी जपून ठेवण्याला अनेक उलमा अटींसह परवानगी देतात. तरीही आपल्या मसलकच्या मुफ्तींना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून विचारावं. नुसतं "जायज आहे का?" एवढंच विचारलं तर उत्तरही अर्धवटच मिळेल.

बरं झाल्यावर

घाई करू नये. किती थांबायचं हे कॅन्सरच्या प्रकारावर ठरतं, अनेक डॉक्टर दोन वर्षं सांगतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाच-दहा वर्षं हार्मोनच्या गोळ्या असतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की दीड ते अडीच वर्षं गोळ्या घेऊन, मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्या काही काळ थांबवून गरोदर राहिलेल्या बायकांमध्ये कॅन्सर परतण्याचं प्रमाण सुरुवातीच्या वर्षांत वाढलं नाही. दूरचे निष्कर्ष अजून यायचे आहेत. स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करणं मात्र धोक्याचं.

तपासणी दोघांची व्हायला हवी. आपल्याकडे पत्नीला दहा दवाखाने फिरवतात आणि पतीची एक साधी तपासणी होत नाही.

यतीम मुलाला घर

एवढं करूनही मूल झालं नाही तर? कुरआनने दत्तक मुलाला त्याच्या खऱ्या बापाच्या नावाने हाक मारायला सांगितलं आहे (सूरह अहजाब). पण सांभाळायला मनाई कुठेही नाही. उलट यतीमाला सांभाळणारा जन्नतमध्ये आपल्या जवळ असेल, असं प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितलं आहे. यालाच कफालत म्हणतात.

कायद्यात दोन वाटा आहेत. पहिली, १८९० चा पालकत्वाचा कायदा. यात कोर्ट तुम्हाला पालक नेमतं, मुलाचं मूळ नाव-नातं तसंच राहतं. दुसरी, बालन्याय कायद्याखालचं दत्तक, ज्याची नोंदणी 'कारा'च्या पोर्टलवर होते. यात मूल कायद्याने पूर्णपणे तुमचं होतं. शबनम हाशमी खटल्यात सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०१४ मध्ये स्पष्ट केलं की ही वाट सर्व धर्मीयांना खुली आहे, पण सक्तीची नाही. दत्तकासाठी पालकांना जीवघेणा आजार नसावा अशी अट आहे, म्हणून कॅन्सर बरा झाल्याचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट तयार ठेवावं.

मेहरमचा प्रश्न रजाअतने सुटू शकतो. बाळ दोन वर्षांच्या आतलं असेल आणि मुलगी असेल तर पतीच्या बहिणीने दूध पाजावं, पती तिचा मामा होतो. मुलगा असेल तर पत्नीच्या बहिणीने पाजावं, पत्नी त्याची खाला होते. हनफी मसलकमध्ये थोडं दूधही पुरतं, कोकणातल्या शाफई बांधवांकडे पाच वेळा पाजणं लागतं. शरियतप्रमाणे अशा मुलाला वारसा मिळत नाही, पण एक तृतीयांशापर्यंत वसीयत करता येते आणि हयातीत हिबा देता येतो. कागदपत्रं वकिलाकडून करून घ्यावीत.

घरातल्यांना दोन शब्द

कॅन्सर संसर्गजन्य नाही. बहुतेक कॅन्सर आईकडून मुलाला येत नाहीत, काही घराण्यांत येतात, त्यासाठी तपासणी आहे. निकाहची बोलणी चालू असतील तर आजार लपवू नका. उपचार झाल्याचं आधी सांगितलेलं नातं टिकतं, नंतर कळलेलं तुटतं.

मुलगा द्यावा, मुलगी द्यावी की काहीच देऊ नये, हा अल्लाहचा निर्णय असल्याचं सूरह शूरामध्ये आलं आहे. हजरत आयशा (र.) यांना अपत्य नव्हतं, तरी त्या उम्महातुल मोमिनीन आहेत आणि त्यांच्याकडून उम्मत शिकली. मग एखाद्या आजारातून उठलेल्या सुनेला "वांझ" म्हणण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला?

आमच्या त्या विद्यार्थिनीने आता नवऱ्याला सोबत घेऊन डॉक्टरांची वेळ घेतली आहे. आणि हो, सासूबाईही बरोबर जाणार आहेत. अल्लाह तिला आणि सर्व आजारी बांधव-भगिनींना शिफा देवो. आमीन.