समुपदेशक घडवताना कुणाचं ऐकायचं? चार दशकांचा मागोवा

जून १९८३. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात समलिंगी समाजाच्या आरोग्यावर परिषद भरली होती. एड्स हा आजार उजेडात येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. औषध नव्हतं, आणि रुग्णाजवळ बसायलाही लोक घाबरत होते. परिषदेच्या समारोपाच्या वेळी स्वतः एड्स झालेले काही तरुण पुढे आले आणि त्यांनी एक निवेदन वाचून दाखवलं. आम्हाला ‘बळी’ म्हणू नका, आमच्याविषयीच्या निर्णयांत प्रत्येक पायरीवर आम्हाला सामील करा, आमच्यासाठी चालणाऱ्या संस्थांच्या संचालक मंडळांवर आम्हाला जागा द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. ‘डेन्व्हर तत्त्वं’ या नावानं हे निवेदन पुढे जगभर पोचलं.

आज आरोग्याच्या क्षेत्रात ‘समुदाय सल्लागार मंडळ’ ही गोष्ट परिचयाची झाली आहे. तिचं एक मोठं मूळ या निवेदनात आहे. एड्सवरच्या औषधांच्या चाचण्या वाढल्या, तशी अमेरिकेतल्या संशोधन केंद्रांवर रुग्ण, त्यांचे नातलग आणि वस्तीतले कार्यकर्ते यांची मंडळं बसू लागली. संशोधकांनी तयार केलेली माहितीपत्रकं वाचायची, लोकांना काय कळणार नाही आणि कशाची भीती वाटेल ते सांगायचं, हे त्यांचं काम. त्यातूनच समुपदेशकांच्या प्रशिक्षणातही लोकांचा शब्द शिरला. १ डिसेंबर १९९४ रोजी पॅरिसच्या एड्स परिषदेत ४२ देशांनी एचआयव्हीसह जगणाऱ्यांचा सहभाग वाढवण्याचं तत्त्व मान्य केलं.

महाराष्ट्रात याच विचाराची एक वाट त्याआधीच, वेगळ्या दारातून उघडली होती. २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे त्यांच्या पाठीशी उभे होते. तिथे औपचारिक सल्लागार मंडळ नव्हतं. पण व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच तिथे कार्यकर्ते आणि समुपदेशक म्हणून उभी राहिली. रुग्ण कोणत्या सबबी सांगतो, घरी गेल्यावर पहिला घसरण्याचा क्षण कधी येतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. व्यसनी माणसांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट सुरू झाला आणि घरच्या माणसाचा अनुभवही उपचाराचा भाग बनला.

सांगलीत १९९२ पासून मीना शेषू यांच्या ‘संग्राम’ संस्थेनं वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांसोबत काम सुरू केलं. निरोध वाटायचा, एचआयव्हीची माहिती सांगायची, ही कामं त्याच स्त्रिया करू लागल्या. १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’, म्हणजे ‘व्हॅम्प’, ही त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली. ज्यांना एरवी फक्त उपदेश ऐकावा लागला असता, त्या स्त्रिया आपल्या वस्तीत कोणती माहिती कशी सांगायची ते ठरवू लागल्या.

संशोधनातलं औपचारिक मंडळ पुण्यात आलं ते राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेमार्फत. ही संस्था, ‘नारी’, १९९२ मध्ये भोसरीत स्थापन झाली. फेब्रुवारी २००५ मध्ये इथे एचआयव्ही लशीची देशातली पहिली मानवी चाचणी सुरू झाली. पहिल्या टप्प्यातल्या या चाचणीत ३० निरोगी स्वयंसेवक घ्यायचे होते. समुपदेशकाची खरी कसोटी अशाच ठिकाणी लागते. टोचून घेतलेल्या प्रायोगिक लशीमुळे संरक्षण मिळेलच असं नाही, हे न घाबरवता आणि न लपवता सांगावं लागतं. लशीमुळे पुढे रक्ततपासणीचा निकाल फसवा येऊ शकतो आणि नोकरी किंवा लग्न जुळवताना तो आड येऊ शकतो, हेही बोलावं लागतं. असे प्रश्न आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तोंडी येतात, म्हणून सल्लागार मंडळ लागतं. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमानं लोकसहभागाच्या चांगल्या पद्धतींची मार्गदर्शिका काढली आणि २०११ मध्ये ती सुधारली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांतही अशा मंडळांना स्थान मिळालं.

मानसिक आरोग्यात ही चळवळ सर्वांत खोलवर गेली ती गोव्यात. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगत’ संस्थेनं मनोविकारतज्ज्ञांच्या टंचाईवर एक उपाय धरला: गावातल्याच सामान्य माणसांना समुपदेशनाचं शिक्षण द्यायचं. ‘मानस’ प्रकल्पात २४ दवाखान्यांतल्या २,७९६ रुग्णांवर ही पद्धत तपासली गेली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी बरं होण्याचं प्रमाण ६५.९ टक्के होतं. नेहमीचे उपचार मिळालेल्या केंद्रांत ते ४२.५ टक्के होतं.

त्यानंतरच्या ‘प्रीमियम’ प्रकल्पात अभ्यासक्रम कसा बनवायचा यावरच भर होता. रुग्ण, नातलग आणि आरोग्य कर्मचारी यांच्याशी बोलून उपचाराचे घटक ठरवले गेले, थोड्या रुग्णांवर वापरून पाहिले, आणि जे पटलं नाही ते बदललं. निवडलेल्या लोकांना मानसोपचाराची पूर्वतयारी नव्हती. वर्गातल्या शिक्षणानंतर प्रत्यक्ष कामाची उमेदवारी होती. त्यापुढचं पाऊल अधिक धाडसाचं होतं. सत्रांचं ध्वनिमुद्रण समुपदेशक एकत्र बसून ऐकत, ठरलेल्या निकषांवर एकमेकांना गुण देत, आणि ते गुण तज्ज्ञांच्या गुणांशी ताडून पाहिले जात. पुढे देखरेखीची जबाबदारी हळूहळू या गटांकडेच आली. नैराश्यावरच्या या उपचाराची मोठी चाचणी झाली तेव्हा तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण आजारातून बाहेर आले होते. तुलनेच्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होतं.

अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ कार्यक्रमानं हाच विचार शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राबवला. गावातले कार्यकर्ते, प्रशिक्षित समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ अशी त्याची साखळी होती. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. नाशिकच्या पेठ तालुक्यातल्या ४१ गावांत २०१३ ते २०१५ दरम्यान ‘आत्मीयता’ प्रकल्प चालला. गावात ज्यांचं ऐकलं जातं अशा स्त्री-पुरुषांना निवडून, मोबाइलवरच्या छोट्या चित्रफितींच्या मदतीनं शिकवलं गेलं. सरकारी योजनेचा लाभ मिळवून देणं हाही त्यांच्या कामाचा भाग होता. गावातल्या माणसाचा ताण बहुतेक वेळा अडलेली पेन्शन आणि कर्ज यांच्यात गुंतलेला असतो, हे वास्तव त्या अभ्यासक्रमानं मान्य केलं.

हिंदी महासागरापलीकडे झिम्बाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये हरारेच्या म्बारे वस्तीत चौदा आजीबाईंसोबत काम सुरू केलं. दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून ऐकायचं, हे त्याचं रूप. बाकाला मानसिक आजाराचं नाव दिलं तर कुणी येणार नाही, हे त्या आजीबाईंनीच सांगितलं, आणि तो ‘मैत्रीचा बाक’ झाला. २०१६ मध्ये ५७३ रुग्णांच्या चाचणीचे निकाल आले. सहा महिन्यांनी नैराश्याची लक्षणं तुलनेच्या गटात ४९.९ टक्के लोकांत होती. बाकावर आलेल्यांत फक्त १३.७ टक्क्यांत.

या सगळ्या प्रवासात एक फरक स्पष्ट दिसतो. पुस्तिका छापून झाल्यावर बोलावलेलं मंडळ चहा पिऊन सह्या करून जातं. विषय ठरण्याआधी विचारलं, तर शिक्षणाचा आशयच बदलतो. त्यासाठी बैठकीला येणाऱ्याची बुडालेली मजुरी आणि प्रवासखर्च द्यावा लागतो, कागद त्याच्या भाषेत आधी पोचवावे लागतात, आणि त्याची सूचना का स्वीकारली किंवा का नाकारली याचं उत्तर द्यावं लागतं.

कायद्यानं याची अर्धी वाट मोकळी केली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार केंद्रीय आणि राज्य प्राधिकरणांवर मानसिक आजार अनुभवलेल्या व्यक्तींना आणि काळजीवाहकांना जागा आहेत. पण समुपदेशकांच्या शिक्षणाचे निकष ज्या २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यवसाय कायद्याखाली ठरतात, त्याच्या आयोगावर सेवा घेणाऱ्यांसाठी अशी जागा नाही. एचआयव्ही समुपदेशकही याच कायद्याच्या कक्षेत येतात. कायदा बदलण्याची वाट न पाहता विद्यापीठांनी, या कायद्याखालच्या राज्य परिषदेनं आणि प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांनी आपल्या अभ्यासक्रम समित्यांवर सेवा घेतलेल्या किमान दोन व्यक्ती आणि एक काळजीवाहक आजच घ्यावेत, त्यांना मानधन द्यावं आणि मताचा पूर्ण अधिकार द्यावा.