विश्लेषण : हॉल दोघांचा, स्पीकर एकाचा! घरातील साउंड सिस्टीमवरून वाद का होतात? तोडगा काय?

मे महिन्यातील जळगाव किंवा धुळ्याची संध्याकाळ. हॉलमध्ये कूलर सुरू आहे. त्याच्या घरघरीवर मात करायची म्हणून अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज वाढवलेला. सोफ्यावर बसलेल्याला तबल्याची थाप न् थाप सुटी ऐकू येते. आतल्या खोलीत मुलाचा अभ्यास घेणाऱ्या जोडीदाराला मात्र भिंतीतून नुसती धमधम. ‘अहो, जरा हळू करा’ आणि ‘हळूच तर आहे’ या दोन वाक्यांवर येऊन थांबणारा हा वाद वरवर आवडीनिवडीचा वाटतो. प्रत्यक्षात त्यातील बराचसा भाग ध्वनिशास्त्राचा आहे. उरलेला पैशांचा, आणि खरेदीपूर्वी विचारले होते की नाही याचा. हा छंद आणि घरातील शांतता एकत्र नांदू शकतात का, ते समजून घेऊ.

एकाच घरात दोघांना वेगवेगळे का ऐकू येते?

या वादात दोघेही खरे बोलत असतात. सतारीची तार, झांज, गाण्यातील ‘स’, ‘श’ अशा उंच स्वरांना दार, पडदा आणि भिंत बऱ्यापैकी अडवतात. खालचे स्वर, म्हणजे बास, तितके अडत नाहीत. ४० हर्ट्झच्या स्वराची एक लहर सुमारे साडेआठ मीटर, म्हणजे २८ फूट लांब असते. १२ बाय १५ फुटांच्या हॉलपेक्षाही ती मोठी. त्यामुळे स्वयंपाकघरात किंवा बेडरूममध्ये पोहोचतो तो गाण्याचा गाळ. चाल नाही, शब्द नाहीत, फक्त ठोके. हॉलमधला माणूस संगीत ऐकत असतो आणि आतला माणूस गोंगाट.

दुसरा फरक रिमोटचा. आवाज कधी थांबणार हे ज्याच्या हातात असते, त्याला त्याचा त्रास कमी होतो. ज्याच्या हातात काहीच नसते, त्याला तोच आवाज जास्त टोचतो. शेजारच्या मांडवातील डीजेवर चिडणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

‘वाइफ अ‍ॅक्सेप्टन्स फॅक्टर’ हा काय प्रकार आहे?

हा वाद खान्देशापुरता नाही. अमेरिकेतील ‘स्टिरिओफाइल’ या मासिकात १९८३ मध्ये समीक्षक लॅरी ग्रीनहिल यांनी ‘वाइफ अ‍ॅक्सेप्टन्स फॅक्टर’ हा शब्दप्रयोग छापील स्वरूपात वापरला. त्याचे श्रेय त्यांनी आपले सहकारी लुईस लिपनिक यांना दिले होते. अर्थ सोपा : एखादे उपकरण बायकोला घरात चालेल की नाही, याचे मोजमाप. आकार लहान, रंग फर्निचरला जुळणारा आणि वायरी दिसत नसतील तर गुण जास्त.

शब्द गमतीचा असला तरी त्यामागचे गृहीतक जुनाट आहे. छंद नेहमी नवऱ्याचा आणि अडथळा नेहमी बायकोचा, असे त्यात धरलेले आहे. आज महागडे हेडफोन आणि टर्नटेबल घेणाऱ्या स्त्रियाही आहेत. शिवाय ‘तिला चालेल असे काहीतरी घेऊ’ या विचारात तिला विचारणे बाजूलाच राहते. तक्रार बहुतेक वेळा स्पीकरच्या रंगाची नसते. दिवाळीआधी हॉल नव्याने लावायचे दोघांत ठरलेले असताना थेट खोकेच घरी आले, ही तक्रार असते.

रेडिओवर वाद नव्हता, मग स्टिरिओवर का?

रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ लागायची, तेव्हा घरात एकच पेटी आणि तिच्याभोवती सगळे, असे चित्र असे. तो आवाज मोनो होता. कुठेही बसा, सारखाच.

स्टिरिओने हे बदलले. ब्रिटनमधील ईएमआय कंपनीचे अभियंता अ‍ॅलन ब्लमलाइन यांनी १९३१ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. या शोधाची एक कहाणी सांगितली जाते. ब्लमलाइन पत्नीसोबत सिनेमा पाहत होते. पडद्यावर नट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायचा, आवाज मात्र एकाच जागेवरून यायचा. आवाज माणसाच्या मागोमाग कसा नेता येईल, याची कल्पना त्यांनी सर्वांत आधी सोबत बसलेल्या पत्नीला सांगितली, अशी ही आठवण आहे.

पत्नीला सांगितलेल्या या कल्पनेतून निघालेल्या तंत्राची अडचण अशी की, त्यात सर्वांत चांगली खुर्ची एकच असते. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण झाला, तरच गायक बरोबर मध्यभागी उभा वाटतो. या जागेला ‘स्वीट स्पॉट’ म्हणतात. छंद वाढत जातो तसा हॉलमधील सोफा, टीव्ही आणि टीपॉय या एका खुर्चीच्या सोयीने सरकू लागतात. घरातील बाकीच्यांना खटकते ते हेच.

खोलीला नेमके काय हवे?

इथे मात्र बातमी चांगली आहे. घर सजवताना जोडीदाराला हव्या असलेल्या बऱ्याच गोष्टी चांगल्या आवाजालाही हव्या असतात.

हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबिन यांनी १८९५ च्या सुमारास एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहाचा अभ्यास केला. नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या रात्री तिथे नेऊन ठेवायच्या आणि ऑर्गनच्या नळीचा आवाज विरायला किती सेकंद लागतात ते मोजायचे, अशी त्यांची पद्धत होती. त्यातून निघालेले सूत्र आजही वापरले जाते.

ते आपल्याकडच्या हॉलला लावून पाहू. १२ बाय १५ फुटांची खोली, १० फूट उंची, स्लॅबचे छत, गिलावा आणि गुळगुळीत फरशी. अशी खोली रिकामी असेल तर ढोबळ गणिताने आवाज विरायला तीन सेकंदांहून अधिक वेळ लागतो. म्हणजे एक शब्द दुसऱ्यावर चढतो. त्यात शंभर चौरस फुटांचे जाड, चुण्यांचे पडदे लावले, तर हा वेळ एक सेकंदाच्या आसपास येतो. कापडी सोफा, जाड सतरंजी आणि पुस्तकांचे कपाट आले की तो आणखी खाली, अर्ध्या-पाऊण सेकंदावर उतरतो. घरात गाणे ऐकायला एवढे पुरेसे आहे.

थोडक्यात, नव्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी बाजूला काढलेले पैसे आधी पडद्यांवर खर्च केले, तर आवाज जास्त सुधारण्याची शक्यता असते. पडदे बासवर फारसे काम करत नाहीत, पण शब्द स्वच्छ होतात. शब्द स्वच्छ झाले की आवाज वाढवण्याची गरजही कमी होते.

मोठे स्पीकर, जास्त वॉट, गरज किती?

वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. हा फरक कानाला जेमतेम कळतो. आवाज दुप्पट वाटायचा असेल तर साधारण दहापट वॉट लागतात.

बाजारातील अनेक बुकशेल्फ स्पीकर एका वॉटवर, एक मीटर अंतरावर ८६ डेसिबलच्या आसपास आवाज देतात. असे दोन स्पीकर आणि दहा फुटांवर सोफा धरला, तर एका वॉटमध्येच सोफ्यापर्यंत ८० डेसिबलच्या जवळ आवाज पोहोचतो. ढोलकीचा एखादा ठोका किंवा तानेचे टोक यासाठी काही राखीव ताकद लागते. ती धरूनही या मापाच्या हॉलला प्रत्येकी ३० ते ५० वॉट पुरतात. कमरेइतक्या उंचीचे टॉवर आणि शेजारी सबवूफर हा अट्टहास अशा खोलीत बऱ्याचदा उलटतो. बास कोपऱ्यात साचतो, घुमतो आणि आतल्या खोलीतली धमधम वाढते.

कोपऱ्याचा परिणामही मोठा असतो. स्पीकर भिंतीला चिकटवला की बास फुगतो, दोन भिंतींच्या कोपऱ्यात ठेवला की आणखी फुगतो. म्हणून छंदिष्टांना स्पीकर भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे हवा असतो आणि घरातल्यांना तो वाटेत येतो. यावर साधा उपाय आहे. फरशीवर दोन ठिकाणी छोट्या चिकटपट्टीच्या खुणा करायच्या : एक ऐकण्याची जागा, एक एरवीची. ऐकून झाले की स्पीकर पुन्हा भिंतीशी. घरात लहान मूल असेल तर स्टँड जड आणि पक्के हवेत. वायरी पट्टीतून भिंतीच्या कडेने न्याव्यात, म्हणजे कुणी अडखळत नाही.

आवाजाची मर्यादा किती? कायदा काय सांगतो?

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबलपर्यंत ऐकणे सुरक्षित मानले जाते. त्यापुढे दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १०. मोबाइलवरील डेसिबल मोजणारी अ‍ॅप अचूक नसली, तरी अंदाज येण्यापुरती चालतात.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी साउंड सिस्टीमचा आवाज आपल्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक वाढता कामा नये. उन्हाळ्यात हे विशेष लक्षात ठेवावे लागते. कूलरसाठी खिडक्या उघड्या असतात आणि खान्देशात अनेक जण गच्चीवर झोपतात. मग आवाज अडवायला भिंतही उरत नाही.

रात्री हळू ऐकताना गाणे ‘पातळ’ वाटते, ही तक्रारही खरी आहे. कमी आवाजात माणसाच्या कानाला बास कमी ऐकू येतो. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवरील ‘लाउडनेस’चे बटण त्यासाठीच असते. व्हॉल्यूम वाढवण्याऐवजी ते दाबून पाहावे.

पैशांचा प्रश्न कसा सोडवायचा?

जळगाव ही सुवर्णनगरी. येथील गृहिणीला एक हिशेब पक्का माहीत असतो : सोने मोडले तर पैसे येतात. अ‍ॅम्प्लिफायरचे तसे नाही. खोके उघडले की किंमत उतरते. त्यातही हा छंद ‘अपग्रेड’वर चालतो. आज स्पीकर, उद्या वायर, परवा डीएसी. एकेक खर्च लहान दिसतो, पण बेरीज मांडली जात नाही. पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर मागवायला सुरुवात झाली, की वाद वस्तूचा न राहता विश्वासाचा होतो. तो पडद्यांनी मिटत नाही.

चांगली उपकरणे निवांत ऐकून घेण्याच्या जागा प्रामुख्याने मुंबई-पुण्यात आहेत. त्यामुळे धुळे-जळगावच्या ग्राहकाला बऱ्याचदा न ऐकताच ऑनलाइन खरेदी करावी लागते आणि चुकीची वस्तू गळ्यात पडते. मागवण्यापूर्वी परतीची मुदत आणि अटी पाहून घेणे हा त्यावरचा व्यवहार्य मार्ग. एखादा संच मित्राकडे ऐकायला जायचे असेल, तर तिथे दोघांनी मिळून जावे.

मग तोडगा काय?

- वर्षाची रक्कम दोघांनी मिळून ठरवावी. तेवढीच रक्कम दुसऱ्याच्या आवडीसाठीही बाजूला ठेवावी.
- नवीन वस्तू येण्याआधी जुनी विकावी. घरात खोक्यांचा ढीग होत नाही आणि खर्चही आटोक्यात राहतो.
- मोठ्या आवाजात ऐकण्याची वेळ ठरलेली असावी. मुलांच्या परीक्षा आणि घरातील आजारपण या काळात हेडफोन.
- हेडफोन हा रोजचा उपाय करू नये. आवाज बंद होतो, पण माणूस घरात असून नसल्यासारखा होतो. मग तक्रारीचा विषय तेवढा बदलतो.
- दुसऱ्याच्या आवडीची गाणी त्याच सिस्टीमवर नियमित लागावीत. जळगावात बालगंधर्वांच्या नावाने संगीत महोत्सव होतो, घराघरांत कानबाईची आणि अहिराणी गाणी वाजतात. बालगंधर्वांच्या तबकड्या आणि १९५०-६० च्या दशकातील बहुतांश चित्रपटगीते मुळातच मोनो आहेत. त्यांना ‘स्वीट स्पॉट’ लागत नाही. स्वयंपाकघरात ठेवलेला एक चांगला छोटा स्पीकरही ती नीट ऐकवतो.

आणि एक चाचणी, बिनखर्चाची. एखाद्या रविवारी रोजच्या आवाजात रोजचे गाणे लावावे. छंद असलेल्याने रिमोट जोडीदाराच्या हाती देऊन आतल्या खोलीत जावे, दार लावून घ्यावे आणि दहा मिनिटे तिथेच बसावे. जोडीदाराने तेवढा वेळ हॉलमधल्या त्या एका खुर्चीत बसून ऐकावे. त्यानंतर व्हॉल्यूम किती ठेवायचा, हे दोघांनी मिळून ठरवावे.