तीस खेळांची डबी

चिंचवडला आमच्या दोन खोल्या. वडील पिंपरीच्या एका कारखान्यात कामाला. रात्रपाळी करून ते दिवसा झोपत, आणि आम्ही दोघे भाऊ टी.व्ही.चा आवाज पार बंद करून व्हिडिओ गेम खेळत असू. १९९४ सालची गोष्ट. ते यंत्र म्हणजे जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या १९८३ मधल्या ‘फॅमिली कॉम्प्युटर’ची नक्कल, हे पुष्कळ वर्षांनी कळले. कॅसेट चालेना की तिच्यात फुंकर मारायची, एवढेच आमचे शास्त्र!

२०१६ साली निन्टेन्डोनेच त्या यंत्राच्या अमेरिकी अवताराची तळहातावर मावेल अशी प्रतिकृती काढली. ‘एनईएस क्लासिक’ तिचे नाव. कॅसेट नाही की खाच नाही. आत छोटासा संगणक आणि भरून ठेवलेले ३० खेळ. २०१८ च्या दिवाळीत धाकट्याने ती परदेशातून आणली. दुसरा कंट्रोलर वेगळा घ्यावा लागतो, तोही आठवणीने आणला. वायर जेमतेम अडीच फुटांची, म्हणून टी.व्ही.ला नाक लावून बसलो. “लांब बसा रे!” स्वयंपाकघरातून आईची हाक आलीच.

यादीत मारिओ होता, पॅकमॅन होता. ‘कॉन्ट्रा’ नव्हता. त्याचा पुढला भाग ‘सुपर सी’ होता. पण आमचा तो नव्हे. ‘कॉन्ट्रा’त आपल्या ‘लाइफ’ संपल्या की जोडीदाराच्या शिलकीतली एक घेता येई. धाकटा माझी न विचारता घेई, आणि मग आमचे मुक्याने भांडण!

आता आवाज बंद करायला कारण नव्हते. वडील २०११ मध्येच गेले. मारिओ सुरू झाला, तसा धाकट्याने रिमोट उचलून आवाज कमी केला.