तीनशे किलोची फटफटी आणि तिचे स्वार

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत बुलेटवाले पुढे असतात. गाडीला निळा झेंडा, सायलेन्सरचा धडधडाट, आणि मागे सारी वस्ती. पोरे त्या आवाजावर जीव टाकतात. त्याच पोरांच्या तोंडी अलीकडे दुसरेही एक नाव असते : हार्ले-डेव्हिडसन. कुणाच्या मोबाइलवर तिचे चित्र, कुणाच्या बनियनवर तिचे नाव. घरात विषय निघाला की बाप म्हणतो, "एवढ्या पैशात गावाकडं घर बांधून होईल." पोरगा म्हणतो, "एकदा तरी बसायचंय." दोघांचेही बरोबर आहे. पण ही गाडी जे रोज चालवतात ते तिच्याबद्दल काय बोलतात, हे दोघांनाही ठाऊक नसते. कंपनीची जाहिरात बाजूला ठेवून आम्ही स्वारांचे बोलणे इथे मांडत आहोत.

हार्लेच्या गाड्या पुष्कळ आहेत. त्यांतली एकच घेऊ, 'फॅट बॉय'. कंपनी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातली, 1903 साली सुरू झालेली. फॅट बॉय विक्रीला आली 1990 साली. दुसऱ्याच वर्षी 'टर्मिनेटर 2' या चित्रपटात अर्नोल्ड श्वार्झनेगर तिच्यावर बसला आणि गाडी जगभर ओळखीची झाली. तिच्या नावावरून एक अफवा बरीच वर्षे फिरत आहे. हिरोशिमा-नागासाकीवर टाकलेल्या 'लिटल बॉय' आणि 'फॅट मॅन' या अणुबाँबच्या नावांवरून हे नाव जुळवले, अशी ती अफवा. तिला कसलाही पुरावा नाही. गाडी दिसायला जाडजूड, म्हणून जाड पोरगा, एवढेच. आमच्यातले शिकलेले लोकही ती गोष्ट छातीठोकपणे सांगतात, म्हणून मुद्दाम लिहिले.

आता इंजिनाकडे वळू. सुरुवातीला ते 1340 सीसीचे होते. वाढत वाढत 2018 च्या गाड्यांत 1868 सीसीपर्यंत गेले. आपल्याकडची साधी शंभरची स्प्लेंडर 97 सीसीची, म्हणजे फॅट बॉयच्या एका सिलिंडरात नऊ स्प्लेंडर सहज बसतील. असे दोन सिलिंडर, एकमेकांना 45 अंशांचा कोन करून उभे. दोन्ही पिस्टनचे दांडे क्रँकच्या एकाच पिनला जोडलेले. त्यामुळे ठोके सारख्या अंतराने पडत नाहीत. एक ठोका लवकर, दुसरा उशिरा, मग परत लवकर. लंगडत पण दमदार चालणाऱ्या माणसाच्या पावलांसारखा तो आवाज. या आवाजावर आपला कायदेशीर हक्क नोंदवावा म्हणून कंपनीने 1994 साली अर्ज केला होता. इतर कंपन्यांनी हरकती घेतल्या आणि 2000 साली तो अर्ज मागे घ्यावा लागला.

स्वारांना पहिला प्रश्न विचारला जातो तो वेगाचा. इथेच नवख्यांची निराशा होते. ही गाडी वेगासाठी नाही, असे जुने स्वार सरळ सांगतात. तिच्या 1868 सीसीच्या इंजिनाची अश्वशक्ती नव्वदीच्या आसपास. पुण्याजवळ चाकणला तयार होणारी केटीएम ड्यूक 390 वळणावळणाच्या घाटात तिला मागे टाकू शकते. फॅट बॉयची खरी ताकद ओढण्यात आहे. मेकॅनिक मंडळी ज्याला टॉर्क म्हणतात ती ओढ बुलेट 350 मध्ये 27 न्यूटन-मीटर असते, हिच्या 1868 सीसीच्या इंजिनात सुमारे 155. आणि ती इंजिन फार न पिळता मिळते. वरच्या गियरमध्ये गाडी मंद चालली असताना नुसती मूठ पिळावी, गियर खाली न आणता गाडी उचलते. ट्रक मागे टाकताना डोक्याला ताप नाही. लांबच्या सरळ रस्त्यावर दिवसभर बसून माणूस थकत नाही, याबद्दल स्वारांचे एकमत दिसते.

बाकी बाबतींत एकमत नाही.

वजनाचेच घ्या. पेट्रोल-तेल भरून गाडी सुमारे 317 किलो भरते. तीन क्विंटलच्या वर! बुलेट 195 किलोची. सीट मात्र बसकी, जमिनीपासून साधारण 67 सेंटिमीटर. त्यामुळे बुटक्या माणसाचेही दोन्ही पाय टेकतात, आणि गाडी चालू लागली की वजन जाणवत नाही. जाणवते ते थांबल्यावर. उतारावर तोंड खाली करून गाडी लावली तर मागे ढकलून काढताना घाम फुटतो, कारण रिव्हर्स गियर नाही. म्हणून अनुभवी माणूस गाडी उभी करण्याआधी ती निघणार कशी ते बघतो.

ती पडली तर? हा प्रश्न शोरूममध्ये कुणी विचारत नाही, पण स्वारांच्या गप्पांत तो हमखास निघतो. उत्तर हमाली केलेल्याला सांगावे लागणार नाही : कमरेने उचलायचे नाही, मांड्यांनी उचलायचे. आधी इंजिन बंद करावे. गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड अगोदरच काढून ठेवावा, नाही तर उभी केलेली गाडी पलीकडे कोसळते. गियरमध्ये टाकता आली तर टाकावी, म्हणजे घरंगळत नाही. मग गाडीकडे पाठ करून बसावे, कुल्ले सीटच्या कडेला टेकवावेत, एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने मागची लोखंडी दांडी किंवा चेसिस धरावी आणि छोटी छोटी पावले मागे टाकत पायांनी रेटावे. अशा रीतीने साठ किलोच्या बाईनेही ती उभी करून दाखवली आहे. वाकून, ओणवे होऊन उचलणाऱ्याची मात्र पाठ जाते.

तक्रार क्रमांक दोन, उष्णता. मागचा सिलिंडर बसणाऱ्याच्या मांडीखालीच येतो. पुढच्या सिलिंडरला वारा लागतो, मागच्याला कमी. अमेरिकेतल्या मोकळ्या रस्त्यांवर त्याचे काही वाटत नाही, पण मे महिन्यात सिग्नलला अडकले की उजवी मांडी भाजते. पुढे कंपनीने इंजिन गरम झाले आणि गाडी उभी असली की मागचा सिलिंडर आपोआप बंद ठेवण्याची सोय काही गाड्यांत केली. यावरून स्वार काय म्हणतात ते कंपनीलाही ऐकावे लागले, हे दिसते.

तिसरी तक्रार ब्रेकची. पुढच्या चाकाला एकच डिस्क. तीनशे किलो थांबवायला नुसत्या पुढच्या ब्रेकवर विसंबू नये, मागचाही जोरात दाबावा लागतो. चाके भरीव थाळीसारखी, दिसायला देखणी, पण पुलावर आडवा वारा आला की ढकलल्यासारखे वाटते. वळणावर थोडी जास्त कलली की पाय ठेवायची पाटी रस्त्याला घासते. कुणी म्हणतो तीच तिची मजा, कुणी म्हणतो तोच इशारा.

आणि मागे बसणारी? जाहिरातीत तिचे मत कधी नसते. बायकांचे म्हणणे असे की मागची सीट म्हणजे पोळपाटाएवढा तुकडा, टेकायला काही नाही, आणि खड्डा आला की मणक्यात कळ जाते. पुष्कळ स्वारांनी घरच्यांच्या बोलण्यावरून पहिला जादा खर्च केला तो रुंद सीट आणि पाठीच्या टेक्यावर. लाखोंची गाडी आणि बायकोला बसायला जागा नाही, याला काय म्हणावे!

कंपनाचा वाद तर गमतीचा आहे. 1990 च्या दशकातली फॅट बॉय उभी असताना आरसा थरथरायचा, मुठी हातात नाचायच्या. 2000 साली इंजिनात तोल सांभाळणारे वजन बसवले आणि थरथर पुष्कळ कमी झाली. तेव्हापासून दोन तट पडले आहेत. जुने म्हणतात, गाडीचा जीव गेला. नवे म्हणतात, हातांना मुंग्या येत नाहीत हे बरे झाले. आम्ही दिवसभर यंत्रावर काम करणाऱ्या माणसाच्या बाजूचे. हाताला बसणारे हादरे ही हौस नव्हे, ते दुखणे आहे.

आता या गाडीवर कोण बसले, तेही बघू. हार्ले म्हटले की दाढीवाला गोरा माणूस डोळ्यांपुढे येतो. पण बेसी स्ट्रिंगफील्ड नावाची काळी स्त्री 1930 च्या दशकापासून एकटी हार्लेवर अमेरिकाभर फिरली. दुसऱ्या महायुद्धात तिने मोटारसायकलवरून लष्कराचे टपाल पोहोचवले. हॉटेलात काळ्यांना खोली मिळत नसे तेव्हा पेट्रोलपंपावर गाडी लावून ती गाडीवरच झोपे, जाकिटाची उशी करून, असे तिने सांगितले आहे. आयुष्यात तिने 27 हार्ले वापरल्या, आणि हार्ले सोडून दुसरी गाडी तिच्या लेखी गाडीच नव्हती. ती 1993 साली वारली. 2002 साली तिचे नाव अमेरिकेतल्या मोटारसायकलस्वारांच्या मानाच्या यादीत गेले. ओकलंड शहरात 1959 साली काळ्या कामगार तरुणांनी 'ईस्ट बे ड्रॅगन्स' हा क्लब काढला. त्याचा म्होरक्या टोबी जीन लेव्हिंग्स्टन लुईझियानातल्या बटाईदार कुटुंबातला. नियम असा की गाडी हार्लेच हवी. आणि 1969 च्या 'ईझी रायडर' चित्रपटातल्या, जगभर पोस्टरवर झळकलेल्या त्या लांब पुढच्या चाकाच्या हार्ले? त्या क्लिफ व्हॉन आणि बेन हार्डी या दोन काळ्या माणसांच्या कल्पनेतून आणि हातांतून तयार झाल्या, पोलिसांच्या लिलावातल्या जुन्या गाड्या घेऊन. चित्रपटात त्यांचे नाव नव्हते. कित्येक वर्षे ते कुणी घेतलेही नाही.

मोठ्या गाडीवर कुणी बसावे हा प्रश्न आपल्याही देशात रक्ताने विचारला जातो. 2025 च्या फेब्रुवारीत तमिळनाडूतल्या शिवगंगा जिल्ह्यात बुलेटवरून घरी परतणाऱ्या एका दलित कॉलेज विद्यार्थ्याच्या हातांवर धारदार शस्त्राने वार झाले. आमच्यापुढे असली गाडी चालवतोस काय, असे म्हणत वार केले, अशी तक्रार झाली आणि तिघांना अटक झाली. वार हातांवर केले, हे ध्यानात घ्या. ज्या हातांनी हँडल धरायचे, ते हात. त्यामुळे वस्तीतला पोरगा मोठ्या गाडीचे नाव काढतो तेव्हा ती निव्वळ चैन समजून त्याला गप्प करू नये, असे आम्हाला वाटते. पैशाचा हिशेब मात्र त्याच्यापुढे जरूर मांडावा.

हिशेबाचा भाग थोडक्यात. ही गाडी भारतात आली त्यात आपल्या हापूसचाही हात आहे. अमेरिकेने 1989 पासून भारतीय आंब्याला दार बंद केले होते. 2007 साली ते उघडले, आंबा लासलगावच्या केंद्रात विकिरण करून पाठवायचा या अटीवर. त्याच्या बदल्यात भारताने मोठ्या इंजिनांच्या मोटारसायकलींच्या आयातीची वाट मोकळी केली. विक्री 2010 साली सुरू झाली, हरियाणातल्या बावल इथे जुळणीचा कारखानाही निघाला. जकात मात्र जबर राहिली आणि अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी त्यावर बरीच आरडाओरड केली. 2018 साली ती 50 टक्क्यांवर आली. (याच हार्लेला वाचवायला 1983 साली अमेरिकेने परदेशी मोठ्या मोटारसायकलींवर 45 टक्के जादा जकात बसवली होती, हे त्या ओरड्यात कुणी बोलले नाही.) 2020 च्या सप्टेंबरात कंपनीने बावलचा कारखाना बंद करण्याचे जाहीर केले. कामगार आणि डीलर अडचणीत आले, गाडी घेतलेल्यांना सुट्या भागांची काळजी लागली. पुढच्याच महिन्यात विक्री आणि दुरुस्तीचे काम हिरो मोटोकॉर्पने घेतले. 2021 साली फॅट बॉयची शोरूममधली किंमत वीस लाखांच्या घरात होती. विमा, रोड टॅक्स, टायर हे सगळे त्याच मापाने.

हिरोने 2023 साली हार्लेच्या नावाची 'एक्स 440' आणली. सुरुवातीची किंमत 2 लाख 29 हजार, इंजिन 440 सीसीचे, सिलिंडर एकच, वजन 190 किलोच्या आसपास, तयार होते राजस्थानात. मोठ्या हार्लेवाल्यांतले काही जण तिला हार्ले मानत नाहीत, कारण तो दोन सिलिंडरांचा लंगडा ठोका तिच्यात नाही. ज्यांनी ती घेतली त्यांचे म्हणणे वेगळे आहे : खालच्या गतीला चांगली ओढते, गल्लीत वळते, आणि हप्ता पगारात बसवता येतो. ती बघायला जाणाऱ्यांनी शोरूममधून चाचणीला गाडी मागून घ्यावी, घरातल्या माणसाला मागे बसवावे आणि भर दुपारी, गर्दीच्या रस्त्याने एक फेरी मारावी.