भुताचा सूर

पडद्यावरच्या भुताची भीती मुलांच्या मनात बहुधा डोळ्यांनी नव्हे, कानांनी शिरते. डोळे मिटता येतात. कान मिटता येत नाहीत.

१९४९ च्या ‘महल’मधील त्या प्रसिद्ध गाण्यात भयानक चेहरा एकही नाही. आहे ती ओसाड हवेली, झोपाळा, आणि खेमचंद प्रकाश यांच्या चालीत दुरून जवळ येणारा लता मंगेशकरांचा आवाज. १९६२ च्या ‘बीस साल बाद’मध्ये हेमंतकुमारांनीही भयासाठी लताबाईंचा गोड गळाच योजला. आमच्या लहानपणी हे चित्रपट दूरदर्शनवर लागत. गाणे सुरू झाले की आम्ही पोरे आजीच्या पदराआड! मग वडीलधारी मंडळी आम्हांला निजायला धाडीत.

तिथेच घात होई. कारण दोन्ही चित्रपटांत सारी करणी अखेर माणसाचीच निघते. ‘महल’मधली कामिनी तर साधी माळ्याची मुलगी! शेवट न पाहिलेल्या मुलाच्या मनात मात्र भूत वर्षानुवर्षे मुक्काम ठोकते.

म्हणून मुलाला अर्ध्यावर उठवू नये. जवळ बसवून शेवट दाखवावा आणि दुसऱ्या दिवशी तेच गाणे त्याच्याकडून म्हणवून घ्यावे. आपल्याच गळ्यातून निघालेल्या सुराला कोणी भीत नाही.