पथकर जातो कुठे? ऑस्ट्रियातील ‘आस्फिनाग’चे अर्थकारण

जर्मनीतून इटलीकडे निघालेल्या मालमोटारींची रांग आल्प्समधील ब्रेनर खिंडीत सहसा तुटत नाही. याच वाटेवरील लुएग पुलावर १ जानेवारी २०२५ रोजी निर्बंध आले आणि एरवी प्रत्येक दिशेला एकच मार्गिका खुली राहिली. १९६०च्या दशकात बांधलेला हा पूल जीर्ण झाला होता. स्थानिक ग्रामस्थांचा आग्रह नव्या पुलाऐवजी बोगद्याचा असल्याने पर्यायी बांधकामाची मंजुरी लांबली होती. रस्ता बांधणे आणि तो पिढ्यान् पिढ्या सुस्थितीत ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याची जाणीव या प्रसंगाने करून दिली.

ऑस्ट्रियात ही जबाबदारी ‘आस्फिनाग’ या कंपनीवर आहे. १९८२मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीचे सर्व भाग सरकारच्या मालकीचे आहेत. प्रारंभी तिचे काम केवळ रस्त्यांसाठी कर्ज उभारण्याचे होते. १९९७च्या करारानुसार रस्त्यांची मालकी सरकारकडेच राहिली. मात्र त्यांच्या उपभोगाचा आणि पथकर वसुलीचा अधिकार कंपनीला मिळाला. मोबदल्यात तिने रस्त्यांवरील जुन्या कर्जाचा भार उचलला. आज सुमारे २२०० किलोमीटरच्या महामार्गांचे नियोजन, बांधणी आणि देखभाल ती करते. त्यासाठी सरकारी अर्थसंकल्पातून तिला अनुदान मिळत नाही.

मग पैसा येतो कुठून? साडेतीन टनांपर्यंतच्या वाहनांना १९९७पासून ठरावीक मुदतीचे ‘व्हिन्येट’ घ्यावे लागते. हे स्टिकर समोरच्या काचेवर लावले जाई; पुढे त्याचा डिजिटल पर्यायही आला. त्याहून जड वाहनांकडून जानेवारी २००४पासून प्रवासाच्या अंतरानुसार कर घेतला जातो. वाहनातील छोटे उपकरण रस्त्यावरील कमानींशी संपर्क साधते, त्यामुळे वाहन थांबवावे लागत नाही. कंपनीच्या उत्पन्नाचा मोठा वाटा याच मालवाहतुकीतून येतो. ब्रेनर, टाउएर्न, आर्लबर्ग अशा बांधकामास महाग असलेल्या डोंगरी टप्प्यांवर स्वतंत्र पथकर आहे.

सरकारी कंपनी असली, तरी तिला मनमानी दर लावता येत नाहीत. ब्रेनर मार्गावरील पथकर खर्चाच्या मानाने अवाजवी असून त्याची झळ प्रामुख्याने परदेशी मालमोटारींना बसते, असा निर्वाळा युरोपीय न्यायालयाने सप्टेंबर २०००मध्ये ऑस्ट्रियाविरुद्ध दिला होता. मालवाहतूकदारांना दर कमी हवे असतात. खोऱ्यातील रहिवाशांना धूर आणि गोंगाटाची भरपाई हवी असते. दोघांचेही म्हणणे ऐकावे लागते.

पैशाचा विनियोग कसा होतो, यावर जीवितही अवलंबून असते. २९ मे १९९९ रोजी टाउएर्न बोगद्यात अपघातानंतर आग भडकून १२ जणांचा बळी गेला. त्या वेळी एकाच नळीतून दोन्ही दिशांची वाहतूक चालत असे. दुसरी नळी खुली व्हायला २०१० साल उजाडले. सुरक्षिततेचा निर्णय लांबला, की त्याची किंमत कशी मोजावी लागते, हे त्या दुर्घटनेने दाखविले.

या व्यवस्थेतही दोष आहेत. कंपनीवर मोठे कर्ज आहे आणि तरीही ती सरकारला लाभांश देते. हा पैसा आधी जुन्या पुलांसाठी का वापरू नये, असा प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो. मात्र पथकर कोण घेतो, कर्ज कोणाच्या माथी आहे आणि पूल खचला तर उत्तर कोणी द्यायचे, या तिन्ही प्रश्नांसाठी तेथील नागरिकाला एकच दार ठोठवावे लागते. पथकर भरणाऱ्याच्या दृष्टीने ही सोय लहान नव्हे.