कुलवृत्तांतात नसलेला रकाना

गेल्या दिवाळीत बापूकाकांनी घराण्याचा जुना कुलवृत्तांत माझ्या हाती दिला. "तू कॉम्प्युटरवाला ना, हे सगळं एक्सेलमध्ये घाल." नावे भरता भरता एका शाखेपाशी थांबलो. दोन भाऊ, एक बहीण; तिघेही चाळिशीच्या आत गेलेले. पुढे फक्त 'अल्पवयात निधन'. काकांना विचारले, तर म्हणाले, "पोटाचं काहीतरी होतं."

मला न्यूझीलंडमधले एक माओरी कुटुंब आठवले. त्या घराण्यात तीसेक वर्षांत पंचवीसहून अधिक माणसे जठराच्या कॅन्सरने गेली. सर्वांत लहान होते १४ वर्षांचे. काहींना तो शाप वाटे. पण घरच्यांनीच वंशावळ जुळवली, ओटागो विद्यापीठाच्या पॅरी गिलफर्ड यांना गाठले, आणि १९९८ मध्ये 'नेचर' मासिकात उत्तर छापून आले: सोळाव्या गुणसूत्रावरचे 'सीडीएच१' हे जनुक.

जठराचे बहुतेक कॅन्सर असे घराण्यातून येत नाहीत; हा प्रकार शंभरात एक ते तीन. या जनुकापासून ई-कॅडहेरिन नावाचे प्रथिन बनते. विटांमधल्या सिमेंटसारखे ते पेशींना एकमेकींशी धरून ठेवते. त्या कुटुंबात चूक होती एका अक्षराची, 'जी'च्या जागी 'टी'. एका अक्षराने अख्खा प्रोग्राम आडवा होतो हे आम्हाला नवे नाही. नवल वाटले ते पुढचे. जनुकाच्या दोन प्रती असतात, एक बिघडली तरी दुसरी काम चालवते. म्हणून माणूस पंचवीस-तीस वर्षे ठणठणीत असतो. मग जठराच्या एखाद्या पेशीत दुसरी प्रतही बंद पडते. पुष्कळदा तिचे अक्षर बदलत नाही, फक्त तिच्यावर रासायनिक कुलूप बसते. पेशी सुट्या होऊन अस्तराखाली पसरतात. गाठ दिसत नाही, म्हणून एंडोस्कोपीतही आजार निसटू शकतो.

त्यामुळे सदोष जनुक सापडले, तर बरेचदा आजार दिसण्याआधीच संपूर्ण जठर काढण्याचा सल्ला देतात. अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडतात. नंतर दिवसभर थोडे थोडे खायचे आणि बी१२ जन्मभर घ्यायचे. पंचविशीतल्या धडधाकट मुलाला हे सांगायचे कसे? पण अशा काढलेल्या जठरांत बहुतेक वेळा कॅन्सरचे सूक्ष्म ठिपके आधीच सापडतात. बायकांना स्तनाच्या एका प्रकारच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो.

दोष असलेल्या आईकडून वा वडिलांकडून तो प्रत्येक अपत्याला मिळण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो वा मुलगी. आमच्या कुलवृत्तांतात मात्र लेकीपुढे 'इंदूरास दिली' एवढेच. तिच्या मुलांचा पत्ता नाही.

मी दोन रकाने वाढवले: आजार आणि तेव्हाचे वय. लेकींची मुलेही घेतली. "गेलेल्यांची दुखणी कशाला उगाळतोस?" म्हणत काका आधी नाराज होते. घरात दोघांना जठराचा कॅन्सर, त्यात एकाचा तरी पसरणारा, म्हणजे 'डिफ्यूज' प्रकारचा. किंवा पन्नाशीच्या आत एकालाच हा प्रकार झालेला असेल, तरी जनुकीय सल्लागाराकडे जावे, असे डॉक्टर सांगतात. पुढची तपासणी साध्या रक्ताची असते.

त्या तिघांना नेमके काय झाले होते, हे आता कळणे अवघड आहे. कागद उरले नाहीत. पण त्या बहिणीची नातवंडे अजून इंदूरला आहेत. काकांनी परवा कुठूनतरी त्यांचा नंबर मिळवून दिला आहे.